मॉरिशस : एकाच किनाऱ्यावर मुक्काम करावा की बेटाला प्रदक्षिणा घालावी?

सदाफुली

ऑगस्टमध्ये, गणपती बसण्यापूर्वी घरी परतता येईल अशा बेताने, आम्ही आठवडाभर मॉरिशसला जाणार आहोत. आम्ही दोघे, माझे आई-बाबा आणि महाविद्यालयात शिकणारा धाकटा भाऊ असा लवाजमा आहे. प्रवासी कंपनीने हाती ठेवलेल्या कार्यक्रमात सगळे दिवस पूर्व किनाऱ्यावरच्या एकाच रिसॉर्टमध्ये मुक्काम असून तेथूनच एक दिवस ‘नॉर्थ टूर’, एक दिवस ‘साऊथ टूर’ आणि एक दिवस इल ओ सेर हे बेट अशी आखणी आहे. मुख्य बेट सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद असल्यामुळे मुक्काम हलवण्याची गरजच नाही, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि नकाशा पाहिला की मलाही ते पटते.

तरीही पैसे भरण्यापूर्वी येथे विचारावेसे वाटले. एका ठिकाणी राहून हा देश पाहून होतो का? कोणती ठिकाणे चुकवू नयेत आणि कोणती खुशाल वगळावीत? आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाचे वेड आहे, भावाला डोंगर हवा आहे आणि आम्हा दोघांना शांत समुद्र.

दर्यावर्दी

ऑगस्ट आणि पूर्व किनारा ही जोडी शांत समुद्रासाठी चुकीची आहे, एवढे सर्वांत आधी सांगतो. मे ते ऑक्टोबर या काळात या बेटावर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहत असतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा जोर सर्वाधिक असतो. पूर्वेकडील बेल मार, त्रू दो दूस हा सगळा किनारा या वाऱ्याच्या तोंडावर आहे. प्रवाळाच्या रांगेमुळे खाडीत मोठ्या लाटा येत नाहीत हे खरे, पण अंगावर सतत वारा घेत वाळूत बसण्याची हौस तासाभरात फिटते. तोच वारा मधल्या पठारावर चढताना ढग आणि पाऊस टाकतो आणि पलीकडे उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. त्यामुळे पश्चिमेचा फ्लिक-आँ-फ्लाक आणि तामारेंचा पट्टा त्याच दिवशी उन्हात आणि निवांत असतो. घाटमाथ्यावर धो धो आणि माणदेशात कोरडे, असला हा प्रकार आहे. फक्त तो येथे तासाभराच्या गाडीच्या अंतरात पाहायला मिळतो.

रिसॉर्टची छायाचित्रे बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढलेली असतात. तेव्हा पूर्व किनारा खरोखरच सुंदर असतो.

टिवल्याबावल्या

समुद्र, नारळ, सुरूचे बन, पाऊस आणि गणपती एवढेच पाहायचे असेल, तर मालवणची गाडी पकडावी. पारपत्रही शोधावे लागत नाही.

दर्यावर्दी

@टिवल्याबावल्या, भारतीय पर्यटकांना मॉरिशसचा व्हिसा तेथे उतरल्यावर विनामूल्य मिळतो. परतीचे तिकीट आणि राहण्याची सोय झाल्याचा कागद मात्र जवळ असावा लागतो. मालवणला जागा मिळेल याची शाश्वती मे महिन्यात तरी कोणी देऊ शकत नाही.

मोकानिवासी

मी नोकरीनिमित्त येथेच राहतो, म्हणून रस्त्यांविषयी लिहितो. नकाशावरचे किलोमीटर आणि प्रत्यक्षातला वेळ यांचा येथे फारसा संबंध नाही. विमानतळ आग्नेय टोकाला आहे. तेथून उत्तरेकडील ग्राँ बे येथे जाणारा महामार्ग राजधानी पोर्ट लुईच्या पोटातून जातो आणि कचेऱ्या भरण्या-सुटण्याच्या वेळी तेथे गाड्यांची रांग लागते. महामार्ग सोडला की उसाच्या मळ्यांतून आणि वस्त्यांमधून जाणारे दुपदरी रस्ते आहेत. पूर्व किनाऱ्यावरून नैर्ऋत्येचे ल मोर्न गाठायचे तर दीड-दोन तास सहज जातात, आणि ऑगस्टमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. एका मुक्कामावरून ‘साऊथ टूर’ करणारी मंडळी दिवसातला बराच वेळ गाडीच्या काचेतून ऊस पाहण्यात घालवतात.

माझ्या मते दोन मुक्काम करावेत : पहिला आग्नेयेला माहेबूरच्या आसपास, दुसरा पश्चिमेला. उत्तरेला एक दिवस पश्चिमेकडूनच जाऊन यावे. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्याने गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवणे अवघड नाही, मात्र चौकाचौकांतील गोल वळसे आणि वेगावर नजर ठेवणारे कॅमेरे यांचे भान ठेवावे. बसने सर्वत्र जाता येते, पण गावांकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. पोर्ट लुई ते क्युरपिप मेट्रो आहे. ती आपल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली असून, राजधानीत गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा तिने जाणे केव्हाही शहाणपणाचे आहे.

निवांतपणा

मी मोकानिवासींशी सहमत नाही. सुट्टीत बॅगा भरणे आणि सोडणे यांत वयस्कर माणसांचे हाल होतात. आठवडाभराची सहल असेल, तर एक चांगले ठिकाण निवडावे, दोन-तीन गोष्टी पाहाव्यात आणि उरलेला वेळ काही न करता बसावे. प्रत्येक देश ‘पाहून संपवायचा’ हा हट्ट कशासाठी?

मोकानिवासी

@निवांतपणा, तुमचा मुद्दा मान्य आहे, परंतु मग तो एक मुक्काम ऑगस्टमध्ये पश्चिमेला असावा. मुळात तक्रार पूर्व किनाऱ्याबद्दल आहे.

जुनी_दप्तरे

बाबांना इतिहासाचे वेड आहे हे वाचून राहवले नाही. कंपनीच्या ‘नॉर्थ टूर’मध्ये पोर्ट लुई म्हणजे बंदरावरची दुकाने एवढाच अर्थ असतो आणि आप्रवासी घाट बहुधा खिडकीतून दाखवला जातो. असे करू नये. 1834 पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे पाच लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, हिंदुस्थानातून या बेटावर आणले गेले; काही येथील उसाच्या मळ्यांवर गेले, तर काही पुढे रियुनियन, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटांकडे पाठवले गेले. 1849 मध्ये उभारलेला हा घाट म्हणजे त्यांच्या आगमनाचे ठाणे. मूळ आवाराचा थोडाच भाग आज उरला आहे आणि तोही महामार्गाला अगदी खेटून. धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या मात्र टिकून आहेत. 2006 पासून ही जागा जागतिक वारशात आहे. शेजारच्या माहिती केंद्रात मळ्यावरचे जीवन, बोटीवरचा प्रवास आणि नोंदणीची पद्धत नीट मांडलेली आहे.

प्रत्येक गिरमिटियाला एक क्रमांक दिला जाई आणि 1860 च्या दशकापासून पुढे छायाचित्रेही काढली गेली. ही दप्तरे आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. मॉरिशसचे अनेक रहिवासी त्यांवरून आपले मूळ गाव शोधतात. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे लोक होते, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात, शाळेत मराठी विषय घेऊ शकतात आणि जाखडी नाचतात.

बाबांना आणखी एक ठिकाण दाखवा : माहेबूरचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्याच उपसागरात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला नेपोलियनच्या काळातला हा एकमेव आरमारी विजय. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बेट इंग्रजांकडे गेले ही गोष्ट निराळी. लढाईत बुडालेल्या जहाजांचे अवशेष त्या संग्रहालयात आहेत, आणि तेथून उपसागर पाहताना सगळा पट लक्षात येतो.

निवांतपणा

पाच लाख माणसांच्या हालअपेष्टा पाहून पर्यटकांनी संध्याकाळी तरणतलावावर जायचे, हे मला जमत नाही. ज्याची त्याची आवड.

जुनी_दप्तरे

@निवांतपणा, तुम्ही ज्या रस्त्याने रिसॉर्टवर जाता, त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात, काही ठिकाणी तर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि घरापेक्षा उंच. जमीन ज्वालामुखीची असल्यामुळे लागवडीआधी हे दगड माणसांनी हातांनी वेचून रचले. संग्रहालय टाळले, तरी ते ढीग टाळता येत नाहीत.

पोस्टाचे_तिकीट

पोर्ट लुईला गेलात, तर ब्लू पेनी संग्रहालयात अवश्य जा. 1847 ची एक पेनीची नारिंगी आणि दोन पेन्सची निळी अशी दोन्ही मूळ टपाल तिकिटे तेथे आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला काही मिनिटेच दिवा लावतात, एरवी प्रतिकृती पाहावी लागते. दारातच वेळ विचारून घ्यावी. आमच्या सौ. नेमक्या त्या मिनिटांत खालच्या दुकानात पर्स पाहत होत्या, आणि ‘मी तर चांगली पाहिली’ असे त्या प्रतिकृतीविषयी अजूनही सांगतात.

घाटवाट

भावाच्या डोंगराविषयी. नैर्ऋत्येचा ल मोर्न 556 मीटर उंच आहे. आकड्याने छोटा, पण समुद्रातून एकदम उठलेला. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरून पळालेले गुलाम याच्या कड्यांत आणि माथ्यावर आसरा घेत असत, आणि म्हणूनच 2008 मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. 1835 मध्ये मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला पकडायलाच आले असे समजून अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

वाट अर्ध्यापर्यंत रुंद आणि सोपी आहे आणि तेथूनही खाडीचे निळे-हिरवे पट्टे पोटभर दिसतात. त्यानंतरचा टप्पा सरळ खडकाचा असून हातांचा आधार घेतल्याशिवाय जमत नाही. पावसाने खडक ओला असेल, तर भावाने हट्ट करू नये. पहाटे निघावे, वाटाड्या घ्यावा. तोवर आई-बाबांना पायथ्याच्या सार्वजनिक किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसवता येईल. गुलामांच्या स्मारकाची शिल्पेही तेथेच आहेत. फक्त हे टोक पश्चिमेकडचे असले, तरी वारा तेथे वळून येतो, पतंगाच्या साहाय्याने लाटांवर खेळणारे लोक तेथे जमतात ते त्यामुळेच.

सदाफुली

सर्वांचे मनापासून आभार. वाऱ्याचा मुद्दा मी कंपनीला विचारला, तर ‘थोडी झुळूक असते’ असे उत्तर मिळाले. आता शामारेलची सात रंगांची माती, गंगा तलाव आणि इल ओ सेर या तिन्हींविषयी खरे मत सांगावे. छायाचित्रांवरून काहीच ठरवता येत नाही असे दिसते.

पाऊलखुणा

सात रंगांची माती म्हणजे कुंपणातला एक लहानसा उघडा उतार आहे. बेसॉल्ट झिजून माती झाली, त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे वेगवेगळ्या प्रमाणात राहिली आणि तांबडे, तपकिरी, जांभळे पट्टे उमटले. कौतुक करायला पंधरा मिनिटे पुरतात. ढगाळ हवेत सात रंग मोजू नयेत, तीनच निघतात.

रानपाखरू

@पाऊलखुणा, मातीपुरते खरे आहे, परंतु शामारेलला जाणारा रस्ता आणि त्याच आवारातला धबधबा सोडू नये. किंबहुना शामारेलहून वर ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानातून गंगा तलावाकडे जाणारा रस्ता हाच माझ्या मते या देशातला सर्वांत सुंदर रस्ता आहे, आणि कंपनीच्या गाड्या तो न थांबता पार करतात. रस्त्याला लागूनच दरीचे देखावे आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही पाहता येतात. या देशातले सर्वोच्च शिखर, 828 मीटरचे, याच भागात आहे. भावाला ल मोर्नऐवजी तेही चालेल.

मॉरिशसमधले मूळ अरण्य आता अगदी थोडे उरले आहे. बाहेरून आणलेल्या लाल चिनी पेरूने रान व्यापले आहे. लोक हंगामात तो तिखट-मीठ लावून आवडीने खातात आणि वनखाते त्याला उपटून टाकत असते. याच रानात मॉरिशसचा खरूची जातीचा ससाणा आहे. 1974 मध्ये मोकळ्या रानातले चारच ससाणे माहीत होते. तेथून ही जात पुन्हा शेकड्यांत नेली गेली. डोडोच्या देशात निदान एवढे तरी घडले.

पक्ष्यांत रस असेल, तर माहेबूरजवळच्या इल ओ एग्रेत या बेटावर जा. नाव इल ओ सेरसारखे असले, तरी प्रकार अगदी वेगळा आहे. 26 हेक्टरचे हे प्रवाळी बेट संरक्षित असून तेथे फक्त वाटाड्याबरोबरच फिरता येते. एबनीचे मूळ रान, गुलाबी कबुतरे आणि अल्डाब्राची महाकाय कासवे तेथे आहेत. मॉरिशसची मूळ कासवे नष्ट झाल्यामुळे, फळे खाऊन बी पसरवण्याचे त्यांचे काम या पाहुण्या कासवांकडे सोपवले आहे. कासव मान उंच करून, डोळे मिटून उभे राहते आणि वाटाडा त्याची मान खाजवतो, हे दृश्य तुमच्या आईंना नक्की आवडेल. वाट सपाट आहे, फक्त छोट्या होडीत चढउतार करताना हात द्यावा लागेल. जुलै 2020 मध्ये ‘वाकाशियो’ जहाज याच किनाऱ्यापाशी प्रवाळावर चढले आणि सुमारे हजार टन तेल सांडले, तेव्हा लोकांनी उसाची पाचट कापडात भरून तेल अडवणारे तराफे शिवले होते.

दर्यावर्दी

इल ओ सेरविषयी माझे मत : वाळू आणि पाणी उत्तम, गर्दी भरपूर, आणि वाऱ्याच्या दिवशी होडीतच भिजायला होते. दहा खेळ एकत्र विकणाऱ्यांच्या नादी लागू नये. त्याऐवजी माहेबूरजवळचा ब्लू बे सागरी उद्यानाचा भाग आहे. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात आणि आई-बाबांनाही पाहता येतात. पाण्यात उतरताना सर्वांनी रबरी बूट घालावेत, कारण समुद्री साळिंदरे आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा या खाड्यांत असतात. तामारेंला पहाटे डॉल्फिन दाखवायला नेतात, तेथे होड्यांनी त्या बिचाऱ्यांना घेरलेले मी पाहिले आहे. मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन.

वारकरी_मनाचा

गंगा तलाव कोणी वगळू नये. डोंगरातले ज्वालामुखीच्या मुखातले तळे, भोवती देवळे आणि वाटेवर 33 मीटर उंचीचा उभा शिव. 1972 मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळले गेले. महाशिवरात्रीला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक कावडी घेऊन पायी येतात, त्यामुळे त्या पठारावरच्या एरवी ओस वाटणाऱ्या रस्त्यांची रुंदी पाहून नवल करू नये. मूर्तीजवळ गाडी थांबवून छायाचित्र काढणे आणि निघणे, हा जो परिपाठ आहे तो मात्र सोडावा. तळ्याच्या काठाशी थोडा वेळ बसावे. ऑगस्टमध्ये तेथे धुके आणि गार वारा असतो, स्वेटर हवाच.

टिवल्याबावल्या

मॉरिशससाठी स्वेटर! आता मालवणच बरे, हे माझे मत पक्के झाले.

ठाणेकर_खवय्या

एवढी चर्चा झाली आणि ढोल पुरीचे नाव कोणी घेतले नाही, याचा निषेध. चण्याची वाटलेली डाळ भरलेली, मऊ, पातळ पोळी जोडीनेच मिळते. आत मोठ्या वालासारख्या शेंगदाण्यांची भाजी, टोमॅटोचा रुगाय आणि तिखट चटणी घालून कागदात गुंडाळून हातात देतात. गाडीवर ‘बिना मिरची’ असे आधी सांगितले नाही, तर पुढचे उत्तरदायित्व आपले. न्याहारीला गातो पिमां, म्हणजे आपले डाळवडे, आणि ते पावात घालून. पोर्ट लुईच्या मंडईत थंडगार अलुदा प्यावा. शाकाहारी माणसाचे येथे काही अडत नाही.

मोकानिवासी

@ठाणेकर_खवय्या, शेंगदाणे नव्हेत, मोठे पांढरे वालच असतात ते. बाकी सर्व मान्य. रिसॉर्टमधला ‘सर्व जेवणे समाविष्ट’ हा पर्याय मी घेऊ नये म्हणतो तो याच कारणासाठी. पैसे भरलेले असले, की माणूस दुपारी जेवायला परत फिरतो आणि सहल तेथेच आखडते. सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे कोठेही सुरूच्या सावलीत बसून खाता येते. रविवारी येथील कुटुंबे पातेली, चटया आणि सेगा संगीतासाठी ढोलके घेऊन येतात, ते पाहण्यासारखे असते.

सदाफुली

सगळे वाचून बाबांनी कागदावर नवा कार्यक्रम मांडला आहे. उतरल्यावर माहेबूरजवळ तीन रात्री : संग्रहालय, इल ओ एग्रेत, ब्लू बे. मग दक्षिण किनाऱ्याने सुइयाक आणि ग्री-ग्री पाहत पश्चिमेला जायचे आणि उरलेल्या रात्री फ्लिक-आँ-फ्लाकला. तेथून एक दिवस शामारेल, उद्यान आणि गंगा तलाव, एक पहाट भावाला ल मोर्न, एक दिवस पोर्ट लुई आणि पाम्पलमूसची बाग. एक दिवस पूर्ण मोकळा, निवांतपणा यांच्या आदरार्थ. इल ओ सेर वगळले. यात काही चुकते आहे का?

निवांतपणा

मोकळा दिवस दोन करा, म्हणजे माझी हरकत संपली.

मोकानिवासी

आखणी उत्तम आहे. ग्री-ग्रीला प्रवाळाची रांग तुटलेली असल्यामुळे महासागर थेट कड्यावर आदळतो. देखावा पाहावा, पाण्यात उतरू नये. पोर्ट लुई आणि पाम्पलमूस एका दिवसात होतात, पण सकाळी आधी पोर्ट लुई उरकून दुपारी बागेत जावे, म्हणजे संध्याकाळची राजधानीची कोंडी सुरू होण्याआधी परत फिरता येईल. बागेत महाकाय कमळांची तळी पाहायला फार चालावे लागत नाही. वेळ उरला, तर शेजारीच बंद पडलेल्या साखर कारखान्यातले संग्रहालय आहे. बाबा तेथून लवकर बाहेर पडणार नाहीत, हे गृहीत धरावे.

आणि विमान शनिवारी किंवा रविवारी उतरेल असे पाहा. माहेबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो.